पंखा नसलेला डबा आणि नागपूरचा मे महिना

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बिनपंख्याच्या छोट्या नेटवर्क कॉम्प्युटरांबद्दल लिहिलं होतं. फायरवॉल (नेटवरून आत-बाहेर जाणाऱ्यावर पहारा ठेवणारं यंत्र), राउटर, बिलिंगचा सर्व्हर अशा कामांना लावतात ते तळहाताएवढे ॲल्युमिनियमचे डबे. त्यात एक वाक्य होतं : ‘नागपुरात एप्रिल ते जून त्यावर बाहेरून एक पंखा सोडा.’ त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचा लेख कोणी वाचला का, अशी शंका यावी. सारख्या तक्रारी एकत्र केल्या आहेत. नाव छापू नका, असं बऱ्याच जणांनी कळवलं (ज्यांचा डबा ऑफिसचा आहे त्यांनी तर हमखास), म्हणून नुसता राहण्याचा भाग दिला आहे.

धंतोली : ‘आमच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या काउंटरखाली प्लायचं कपाट आहे. इंटरनेटचा ओएनटी (फायबरची तार येते तो डबा), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर, यूपीएस आणि फायरवॉलचा काळा डबा (प्रोसेसर इंटेल एन १००, चार पोर्ट) सगळं त्यातच. एप्रिलपासून दुपारी अडीच वाजले की नेट जातं. डब्याचा दिवा लागलेलाच असतो. अर्धा तास बंद ठेवून चालू केला की येतं, तासाभरात पुन्हा जातं. संध्याकाळी सातनंतर काहीच त्रास नाही. नेटवाल्याने ओएनटी बदलून पाहिला. विकणारा म्हणतो, हे मॉडेल गरमच चालतं. इकडे पेशंट यूपीआयने पैसे द्यायला मोबाइल धरून उभे असतात.’

डॉक्टर, तुमच्या डब्याचं दुखणं घड्याळ बघून येतं, त्यातच निम्मं निदान झालं.

मी कळवल्याप्रमाणे तुम्ही दोन वेळची तापमानं टिपून पाठवलीत, फार बरं केलंत. सकाळी नऊला प्रोसेसर ७८ अंश, एसएसडी (डब्यातली चिपची डिस्क) ७१. दुपारी तीनला प्रोसेसर ९१, एसएसडी ८४. लोक प्रोसेसरचा आकडा पाहून घाबरतात. मी दुसरा पाहून घाबरले. एन १०० ला इंटेलने १०५ अंशांपर्यंत मुभा दिली आहे, आणि तिथवर गेला तर तो आपला वेग आपणच उतरवतो. ९१ वर तो सुखात नसतो, पण नेटही पाडत नाही. साध्या एनव्हीएमई जातीच्या एसएसडीची कागदावरची मर्यादा मात्र बहुधा ७० अंशांची असते. तुमची सकाळीच ती ओलांडून बसलेली आहे. ऐंशीच्या पुढे एसएसडी आधी मंदावते, मग कधीतरी तिचा कंट्रोलर गप्प होतो आणि सिस्टिमला डिस्कच दिसेनाशी होते. दिवा चालू, नेट गायब, हे त्याचंच लक्षण. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, पुरावा शोधाल तर सापडायचा नाही, कारण लॉग लिहायचा असतो तो त्याच डिस्कवर. एखादा जुना मॉनिटर जोडून ठेवा. दुपारी पडद्यावर डिस्कच्या नावाने चुकांच्या ओळी उमटताना दिसतील.

या डब्यांत प्रोसेसर बोर्डाच्या एका अंगाला असतो, त्याला तांब्याचा नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा भिडलेला, आणि ठोकळ्यावर पट्ट्यापट्ट्यांचं झाकण. प्रोसेसरची उष्णता थेट झाकणात उतरते. एसएसडी असते बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला, कोंडलेल्या हवेत. तिच्यापासून तळाच्या पत्र्यापर्यंत चार-पाच मिलिमीटरची फट. हवेतून उष्णता जवळजवळ सरकतच नाही. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगला वाहक. म्हणजे प्रोसेसरची सोय कंपनीने केली, एसएसडीची तुमच्यावर सोडली.

पण मुख्य आरोपी तुमचं कपाट. जरा बेरीज करा. फायरवॉल १२ वॉट, हार्डडिस्कसकट एनव्हीआर १८, ओएनटी ७, आणि यूपीएस स्वतःच जे खातो ते १२-१३. झाले ५० वॉट. दोन फूट बाय दीड फुटाचं, १८ एमएम प्लायचं, दार लावलेलं कपाट एवढी उष्णता बाहेर टाकणार कसं? आतली हवा बाहेरच्यापेक्षा साधारण १५ अंशांनी चढते, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. रिसेप्शनचं दार सारखं उघडतं, त्यामुळे कूलर असूनही दुपारी तिथे ३९ असतात असं तुम्हीच लिहिलंय. मग कपाटात ५४. त्यावर डब्याचं झाकण आणखी २० ने वर, ७४. त्यावर एसएसडी १० ने, प्रोसेसर १७ ने. तुमचे ८४ आणि ९१ असे जागच्या जागी येऊन बसतात.

डब्याच्या कागदावर ‘भोवतालचं तापमान ० ते ४० अंश’ असं छापलेलं असतं. बहुतेक घरगुती राउटरांवरही तेच. ही भोवतालची हवा डब्याला चिकटलेली धरायची, हॉलमधल्या एसीच्या रिमोटवर दिसते ती नव्हे. आणि ज्या गावाचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता, तिथे ४० हा आकडा बिनएसीच्या खोलीत उन्हाळाभर पाळला जाईल, हे कागद छापणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

तेव्हा आजच्या आज कपाटाचं दार काढा. सुतार येईपर्यंत नुसतं उघडं ठेवलं तरी फरक पडेल. यूपीएस बाहेर जमिनीवर घ्या. त्याच्या बॅटरीचंही भलं होईल. मग सुताराकडून एक झरोका अगदी खाली आणि एक अगदी वर पाडून घ्या, प्रत्येकी हाताच्या पंजाएवढा. दोन्ही वर किंवा दोन्ही खाली नकोत. गार हवेला शिरायला आणि गरम हवेला निघायला वेगळी वाट लागते. शक्य तर फायरवॉल कपाटातून काढून भिंतीवर लावा, पट्ट्या उभ्या राहतील असा, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून. पट्ट्या आडव्या आल्या तर त्यांच्यामधली गरम हवा तिथेच अडून बसते. एसएसडी आणि तळाच्या पत्र्यामध्ये मापाचं थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ गादी) भरा. शेवटचं बायॉसमधलं (डबा सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधलं) : एन १०० हा मुळात ६ वॉटचा प्रोसेसर, पण काही कंपन्या त्याची पॉवर लिमिट त्याच्या दुप्पट-तिप्पट मोकळी सोडतात. ती ८ च्या आसपास आणा. तुमच्या ३०० एमबीपीएसच्या लाइनला तेवढं पुरून उरतं.

एवढं केलंत तर त्याच ३९ अंशांच्या दुपारी प्रोसेसर पंचाहत्तरीत आणि एसएसडी पासष्टच्या आसपास राहायला हवी. नाही राहिली तर झाकणाला हात लावून पाहा आणि पुढचं उत्तर वाचा.

त्रिमूर्तीनगर : ‘माझा डबा दोन वर्षांचा आहे. हाताला अजिबात गरम लागत नाही, कोमटच. तरी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ९५ दाखवतो. पहिल्या वर्षी ७० च्या वर कधी गेला नव्हता. सेन्सर खराब असेल ना?’

सेन्सर ठीक असावा. झाकण गार आणि आत ९५, हीच वाईट बातमी आहे. बिनपंख्याच्या डब्याचं झाकण तापायलाच हवं, त्याची नोकरीच ती. झाकण चटका देत असेल तर उष्णता निदान बाहेर तरी येतेय. झाकण कोमट असेल तर ती आतच अडकली आहे, म्हणजे प्रोसेसर आणि झाकण यांच्यामधला सांधा सुटला आहे.

असे डबे माझ्या टेबलावर उन्हाळ्यात नेहमी येतात. तळाचे चार स्क्रू काढायचे, बोर्डाचे आणखी चार, आणि बोर्ड सावकाश उचलायचा. चांगल्या डब्यात तो जरा चिकटून येतो, ओढावा लागतो. सांधा सुटलेल्यात खट्‌कन हातात येतो. ठोकळ्यावरचं राखाडी पॅड नखाने काढायला गेलं तर पापडासारखं तुटतं. त्यावर प्रोसेसरचा ठसा पाहायचा. पूर्ण चौकोन उमटलेला असेल तर सांधा ठीक होता. पण पुष्कळदा ठसा एकाच कोपऱ्याचा असतो, बाकीचं पॅड कोरं. म्हणजे ठोकळा पहिल्या दिवसापासून तिरका बसलेला, आणि पॅड मऊ होतं तोवर त्याने भागवून नेलं. रोज दुपारी तापून आणि पहाटे निवून ते आक्रसलं, की उरली फट.

मी तिथे पुन्हा जाड पॅड लावत नाही. ठोकळा झाकणापासून सोडवते, दोन्हीकडचं जुनं पॅड आणि चिकट मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते, आणि फट कागदाएवढीच असेल तर चांगली थर्मल पेस्ट लावते. फट मोठी असेल तर पातळ तांब्याची चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना पेस्ट. स्क्रू आवळताना कर्णाने, थोडे थोडे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की ठोकळा पुन्हा तिरका, आणि सगळी मेहनत पाण्यात.

सगळ्याच डब्यांना वरचं झाकण तापतं असं मात्र समजू नका. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीच्या एपीयू२ बोर्डात प्रोसेसर खालच्या अंगाला आहे आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून उष्णता डब्याच्या तळात जाते. तो डबा नक्षीदार टेबलक्लॉथवर ठेवलेला मी पाहिलाय. वरून थंडगार, खालून टेबलक्लॉथ पिवळा पडलेला.

मानेवाडा : ‘मॅडम, फॅनलेस घेऊन त्याले फॅन लावायला सांगून राहिले तुम्ही! मग आम्ही साधा फॅनवालाच नसता घेतला का? जास्तीचे पैसे काहून द्यायचे?’

भाऊ, राग बरोबर आहे, पण पैसे वाया गेलेले नाहीत.

आतला पंखा आणि बाहेरचा पंखा यांत मोठा फरक आहे. आतला पंखा डब्यात हवा ओढतो, हवेबरोबर मानेवाड्याच्या बांधकामांची सगळी धूळ ओढतो. वर्षभरात बारक्या पट्ट्यांमध्ये नमदा जमतो, पंख्याच्या बेअरिंगचं तेल आटतं, आवाज सुरू होतो आणि एक दिवस तो थांबतो. अशा डब्यात पंख्याचीच भिस्त असते. तो थांबला की सगळा कारभार थांबला. तुमचा डबा चहूबाजूंनी बंदिस्त आहे, धूळ आत शिरत नाही. बाहेरचा पंखा बंद पडला तरी डबा आधीच्या तापमानावर परत येईल, एवढंच. पंखा बदलायला स्क्रू ड्रायव्हरही लागणार नाही.

आणि त्याला जोर लागत नाही. नुसत्या वर चढणाऱ्या गरम हवेवर ॲल्युमिनियमचा डबा फार उष्णता टाकू शकत नाही. दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण १० वॉट, तेही किरणांनी जाते ती धरून. त्यावरून हलकी झुळूक गेली तरी हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून खोलीपेक्षा २० अंशांनी तापणारा डबा ८-१० वर येतो. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला १२ सेंटिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा घ्या आणि डब्याच्याच यूएसबी पोर्टच्या ५ व्होल्टवर चालवा. निम्म्याहून कमी वेगाने फिरेल, रात्री शेजारी झोपलात तरी ऐकू येणार नाही. एखादा पंखा ५ व्होल्टवर सुरूच होत नाही. दुकानात लावून पाहूनच घ्या. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये विचारा, जुना धडका पंखा सहज मिळतो. वारा पट्ट्यांच्या लांबीने जायला हवा, त्यांना आडवा नको.

मृग बरसला की काढून ठेवा. ऑक्टोबर हिटमध्ये वाटलं तर पुन्हा.

महाल : ‘आमच्या जुन्या वाड्यात हॉलमध्ये मोठा कूलर आहे. डबा त्याच्या तोंडासमोरच ठेवला तर? पंख्याचा खर्चच नाही.’

ताई, हॉलमध्ये ठेवा, तोंडासमोर नको.

कूलरची हवा गार असते कारण तिच्यात पाणी वाफ होऊन मिसळलेलं असतं. डबा चालू असताना तो हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरायची भीती नाही. त्रास वेगळा आहे. कूलर नव्याने भरला की पहिली काही मिनिटं हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि आपल्याकडचं पाणी बोअरवेलचं असेल तर त्या तुषारांत क्षार असतात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो ना, तोच तुमच्या नेटवर्क पोर्टच्या सोनेरी तारांवर धरेल. त्यावर धूळ बसली की ती ओल धरून ठेवते. एका पावसाळ्यात पोर्टचा दिवा लुकलुकायला लागतो, केबल काढून घातली की चालतो, आणि लोक केबल बदलत बसतात.

कूलरपासून सात-आठ फुटांवर, बाजूच्या भिंतीला, कंबरेच्या उंचीवर ठेवा. वर माळ्यावर नको. गरम हवा सगळी तिथेच जमते, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहापर्यंत आग ओकत असतो. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते हे तुम्हाला मी काय सांगावं. डब्यालाही ती तेवढीच लागते.

नंदनवन : ‘डबा आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की तर नक्कीच. तापमान ७० च्या आतच आहे. सॉफ्टवेअर नव्याने टाकून झालं, मेमरी बदलून झाली.’

तुम्ही डबा सोडून सगळीकडे पाहा असं सांगणार आहे. भिंतीपाशी जा. तिथे सॉकेटला लटकलेला किंवा यूपीएसच्या मागे कोंबलेला काळा ॲडॉप्टर आहे, तो बघा.

बिनपंख्याच्या डब्यांत पहिला बळी बहुतेक वेळा ॲडॉप्टरचाच जातो. डब्याला ॲल्युमिनियमचं अंग असतं, याला बंद प्लास्टिकचं. आत कपॅसिटर असतात, त्यांच्या अंगावर छापलेलं असतं : १०५ अंश, आणि कंपनीच्या कागदावर आयुष्य २००० तास. दोन हजार तास म्हणजे तीन महिनेही नाहीत! पण ते १०५ अंशांवर. कारागिरांचा ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ॲडॉप्टरच्या आत ५५ अंश असतील तर ६४ हजार तास, सात वर्षं. ६५ असतील तर साडेतीन. ७५ असतील तर दोन वर्षंही पुरी होत नाहीत. यूपीएसच्या मागच्या खोबणीत, मे महिन्यात, आत ७५ सहज होतात. उष्णतेने कपॅसिटरमधला द्रव हळूहळू उडून जातो आणि त्याची वीज सांभाळून धरायची ताकद जाते. एरवी चालतं. इन्व्हर्टर बदलताना क्षणभर पुरवठा तुटतो तेव्हा तो धक्का त्याला झेपत नाही, आणि डबा रिस्टार्ट.

मल्टिमीटरने नुसता ॲडॉप्टर मोजू नका. मोकळा असताना म्हातारा ॲडॉप्टरही १२.२ व्होल्ट दाखवून तुम्हाला फसवेल. डबा जोडून, त्यावर जरा काम लावून मोजा. ११.४ च्या खाली काटा गेला की तो बाद. साधा मीटर क्षणिक खड्डा पकडत नाही हेही खरं, म्हणून सोपा मार्ग म्हणजे दुसरा चांगला ॲडॉप्टर आठवडाभर लावून बघणे. नवा घेताना बीआयएसची खूण आणि तिच्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. १२ व्होल्ट, आणि ३ अँपिअरची गरज असेल तर ५ चा घ्या, साठ टक्के ताकदीवर गार चालतो. पिन नीट मापाची हवी. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या पिनेच्या आतलं भोक २.१ चं असतं किंवा २.५ चं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल बसते. केबलला धक्का लागला की रिस्टार्ट. दुकानदार ‘बसते ना, मग झालं’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी त्या छोट्या लिथियमच्या राउटर यूपीएसबद्दल विचारलं आहे. वस्तू चांगली. पण लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते, तेव्हा तो डब्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही. शिवाय स्वस्तातले काही १२ व्होल्टचे म्हणवणारे बॅटरी उतरत जाईल तसे साडेदहा-दहापर्यंत घसरतात. राउटर ते चालवून घेतो, तुमचा डबा घेईलच असं नाही.

गोधनी : ‘भर दुपारीसुद्धा माझ्या डब्यात २७.८ अंश दाखवतो. म्हणजे माझा उत्तम चालला आहे ना?’

घरात ४१ अंश असताना आत २७.८? तसं असेल तर डबा विकू नका, आम्ही सगळे त्याच्या शेजारी येऊन बसतो.

हा आकडा बायॉस लिहिणाऱ्याने कायमचा टाकून दिलेला असतो. पुष्कळ स्वस्त डब्यांत एसीपीआय नावाने दिसणारा बोर्डाचा सेन्सर नुसता नावाला असतो, हिवाळ्यात २७.८ आणि उन्हाळ्यातही २७.८. प्रोसेसरच्या पोटातल्या सेन्सरचं वाचन वेगळं, ‘कोअरटेम्प’ नावाने येतं. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की दोन्ही खालीवर दिसतात. ओपीएनसेन्स या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरवर सेटिंगमध्ये इंटेलचा थर्मल सेन्सर निवडावा लागतो, तोवर तो हाच गोठलेला आकडा दाखवू शकतो. खरा आकडा काम लावलं की दोन-तीन सेकंदांत हलतो. न हलणारा आकडा खोटा. आणि खोटं फक्त कमीच असतं असं नाही. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर गाजावाजा झाला, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

जरीपटका : ‘काळा डबा जास्त तापतो म्हणून चंदेरी घ्यावा का?’

उन्हात ठेवणार असाल तर. घरात रंगाने काही बिघडत नाही. चकचकीत, कोरं ॲल्युमिनियम किरणांनी उष्णता जवळपास टाकतच नाही; ॲनोडाइझ केलेलं (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर चढवलेलं), मग काळं असो की निळं, पुष्कळ टाकतं. तेव्हा चंदेरी घ्यायचाच तर मॅट, ॲनोडाइझचा घ्या. आणि देवाचा फोटो किंवा वॉरंटीचं स्टिकर पट्ट्यांवर चिकटवू नका. बाजूला चिकटवा.

हिंगणा : ‘एका कंपनीने भंगारात काढलेले बिनपंख्याचे जुने फायरवॉल स्वस्तात मिळताहेत. आत इंटेल ॲटम सी२५५८ आहे. सध्या चालू आहेत. घेऊ का?’

चालू आहेत म्हणूनच सावध राहा. ॲटमच्या सी२००० घराण्याचा, जे २०१३ मध्ये बाजारात आलं, एक जाहीर दोष आहे. इंटेलच्या दोषयादीत तो एव्हीआर५४ या क्रमांकाने नोंदलेला आहे : चिपमधून बाहेर जाणारा घड्याळाचा (बोर्डाला ताल देणारा) एक सिग्नल कालांतराने बंद पडू शकतो, आणि तो पडला की बोर्ड सुरूच होत नाही. २०१७ च्या सुरुवातीला सिस्कोने आपल्या ग्राहकांना घड्याळाच्या सिग्नलचा एक भाग साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर दगा देऊ शकतो अशी सूचना काढली, तेव्हा याचा बोभाटा झाला. पुढच्या आवृत्तीत इंटेलने तो दुरुस्त केला.

याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. पंखा लावा, एसीत ठेवा, होणारं टळत नाही. धोका असा की चालू डबा वर्षानुवर्षं चालत राहतो आणि कोणीतरी झाडताना प्लग काढला की परत उठत नाही. म्हणून विकणाऱ्यासमोर तो पूर्ण बंद करा, प्लग काढा, तासभर चहा पिऊन या आणि मग सुरू करून बघा. पण आज उठला म्हणून उद्या उठेल याची हमी यातून मिळत नाही. बोर्ड बदलून मिळाल्याची पावती असेल तर घ्या. नसेल तर शिकायला म्हणून एक घ्या, कारखान्याची लाइन त्यावर टाकू नका.

सक्करदरा : ‘डबा उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ! आता तर सुरूही होत नाही. हसू नका.’

हसत नाही. ऊब आणि अंधार, त्यांना आणखी काय हवं? वाय-फाय न घेता डबा घेतला असेल तर मागे अँटेनाची दोन गोल भोकं मोकळी राहिलेली असतात, तीच त्यांची वाट. रबरी बूच लावा, नाहीतर सिलिकॉनचा गम भरा. हवेसाठी असतील असं समजून लोक ती उघडी ठेवतात, पण या डब्यात हवा आतून खेळायचीच नसते. बोर्ड मऊ ब्रशने झाडून आयसोप्रोपिलने पुसा, फवारा मारू नका. पुरता वाळला की मेमरीची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, स्लॉट फुंकून न घेता ब्रशने साफ करा आणि पट्टी परत बसवा. सुरू न होण्याची तक्रार बहुधा तिथेच मिटेल. नाही मिटली तर डबा ॲडॉप्टरसकट घेऊन या.